विश्वामित्रीच्या काठी, पाहिलं तेवढंच

लोक बडोद्याला राजवाडा बघायला जातात, नाहीतर नवरात्रात गरबा बघायला जातात. मी गेले ती एका मगरीची चौकशी करायला. चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि पाऊस ओसरल्यावर नाशिकला परत आले, म्हणजे चौकशी किती लांबली ते लक्षात येईल.

त्याचं असं झालं. माझ्या भाच्याचा, अभयचा, बंगळुरूहून फोन आला. अभय हा माझ्या थोरल्या बहिणीचा, सुधाताईचा एकुलता एक मुलगा. सुधाताई लग्न होऊन बडोद्याला गेली ती तिथलीच झाली. मेहुणे गेल्यापासून तिथल्या वासणा भागातल्या घरात एकटी राहते.

"मावशी, आईच्या गळ्याला गाठ आलीय," अभय म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून काढायला हवी, म्हणजे नक्की काय आहे ते कळेल. आई म्हणते, थांबू."

"कशासाठी थांबू?"

"ती म्हणते, मी मगरीकडून शिकतेय. मगर घाई करत नाही."

मी सगळी नोकरी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत केली. दूध आलं की आधी पाणी शोधायचं, हळद आली की आधी रंग शोधायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती खोड गेलेली नाही. कुणी गोड बोललं की यात काय मिसळलंय, हाच विचार पहिला येतो. मगर काही बोलत नाही. तेव्हा तिच्या नावाने दुसरं कुणीतरी बोलत असणार, हे मला फोनवरच कळलं.

"कोण आहे तो माणूस?" मी विचारलं.

"कोण माणूस?"

"असतोच एक. दाढी असते, शांत हसतो आणि औषधं बंद करायला सांगतो."

"मला माहीत नाही गं. आईचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी नदीवर जातात, निसर्ग बघतात."

ग्रुप म्हटल्यावर राहिलेली शंकाही फिटली. मी तिकीट काढलं.

वासणा

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बडोदा स्टेशनवर उतरले, रिक्षा केली आणि रिक्षावाला कुठे भलतीकडे वळत नाही ना, हे वासण्यापर्यंत मोबाइलवरच्या नकाशात बघत बसले. त्याने मला सरळ रस्त्याने आणून सोडलं, वर बॅग फाटकाच्या आत ठेवली आणि "आवजो, मासी" म्हणून गेला. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

सुधाताई दारात उभी होती. मे महिना संपत आलेला, अंगाची लाही होत होती आणि हिच्या गळ्यात सुती स्टोल. दोन वेढे घातलेला.

"आलीस ने? बस. आधी पाणी पी, मग बोल. नाही, आधी हात धू."

ही माझी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून हिने मला सांगितलं आणि मी केलं. कोणत्या शाखेला जायचं, कुठली साडी घ्यायची, ताप आला तर काय खायचं, सगळं तिने सांगायचं. पंचेचाळीस वर्षं बडोद्यात राहून तिच्या मराठीला गुजरातीचा मुलामा चढला आहे. भाजीला शाक म्हणते, वाक्याच्या शेवटी 'ने' लावते, पण हुकूम सोडण्याची रीत जशीच्या तशी आहे.

"गळ्यात ते कशाला, एवढ्या उकाड्यात?"

"उन्हाचं बरं असतं."

घरात, पंख्याखाली, ऊन कुठून येणार, हे मी विचारलं नाही. नोंद घेतली.

संध्याकाळी तिने मला सेव-उसळ खायला नेलं. बडोद्याला जाऊन सेव-उसळ न खाता परतणं हा तिथे गुन्हा समजतात. वाटाण्याची उसळ, वर लालभडक तर्री, मूठभर सेव, कांद्याची पात आणि पाव. आमच्या नाशिकच्या मिसळीची ही गुजरातेत दिलेली मुलगी असावी. तोंडावळा तोच, फक्त सासरी जाऊन जरा गोडसर झालेली. मी तर्रीचा एक थेंब कागदी रुमालावर टाकला आणि डाग कसा पसरतो ते बघत बसले.

"नमे, खा ने," सुधाताई म्हणाली. "इथे उभं राहून खाऊन आजवर कोणी मेलेलं नाही."

खाल्ली. चव उत्तम होती. रंगाबद्दल माझं मत मी राखून ठेवलं आहे.

रात्रीच्या जेवणाला वरण होतं, त्यात गूळ होता, आणि शेंगदाणेही होते. बडोद्यातली मराठी घरं आतून किती मराठी राहिली आणि किती बदलली, हे त्या वरणावरून कळतं. जेवताना मी विषय काढला.

"गाठीचं काय ठरवलंस?"

"आहे, आहे. ती कुठे पळून जातेय?" तिने मला पोळी वाढली. "तुला सांगते, नदीवर एक मगर आहे. मादी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या मातीत अंडी घातलीत, आणि तेव्हापासून शेजारी पडून आहे. घाई नाही, गडबड नाही. निसर्गात ने, सगळं आपल्या वेळेला होतं. आपणच उगाच धावतो."

हे सगळं ती ज्या आवाजात बोलली तो तिचा आवाज नव्हता. सकाळी सकाळी फोनवर उगवत्या सूर्याची चित्रं येतात, खाली दोन ओळी असतात, त्या ओळींचा आवाज तो. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई अशी बोलत नाही. कुणीतरी तिला हे शिकवलं होतं, आणि तो कोण, हे मला उद्या सकाळी कळणार होतं.

नदीकाठ

विश्वामित्री हे नाव ऐकून डोळ्यांसमोर जे येतं, त्याच्याशी नदीचा फारसा संबंध नाही. शहराच्या मधून ती वाकडीतिकडी जाते आणि शहर तिच्यात काय काय सोडतं ते वासावरून समजतं. आम्ही एका लहानशा देवळामागे गेलो. तिथे कमरेएवढी सिमेंटची भिंत होती, भिंतीपलीकडे खोल दरडीसारखा काठ, आणि खाली हिरवट काळं पाणी. निसर्गाकडून शहाणपण घ्यायला लोक हिमालयात जातात असं ऐकलं होतं. इथे नाकाला रुमाल लावून घ्यायचं होतं.

भिंतीशी तिघंजण आधीच बसले होते. सुधाताईने ओळख करून दिली. हंसाबेन, शेजारच्याच सोसायटीतल्या, हातात चहाचा थर्मास. केतनभाई, सायकलच्या दुकानाचे मालक. आणि जयवंतराव, मूळचे जळगावचे, बाजव्याच्या रिफायनरीत शिफ्टचे प्रमुख होते, आता निवृत्त. गळ्यात दुर्बीण, डोक्याला टोपी, दाढी नाही.

"केम छो, बेन? आवो, बेसो," हंसाबेनने मला सतरंजीवर जागा करून दिली.

मी बसता बसता सगळीकडे नजर फिरवली. दानपेटी नव्हती. हार घातलेला फोटो नव्हता. पुस्तकं विकायला ठेवलेली नव्हती. एखादं बॅनरही नव्हतं. माझा संशय उलट वाढला. जो काहीच विकत नाही तो फार मुरलेला असतो.

"एक तास बोलायचं नाही," जयवंतराव मला म्हणाले. "फक्त बघायचं. नंतर प्रत्येकाने सांगायचं."

"काय सांगायचं?"

"जे पाहिलं ते."

मग सगळे गप्प बसले. पलीकडच्या काठावर एक ओंडका पडला होता. मी पाणी बघितलं, पुलावरून जाणारी वाहनं बघितली, जयवंतरावांना तर बराच वेळ बघितलं. एक खंड्या पक्षी तारेवर येऊन बसला. पाणकावळे पंख पसरून वाळवत होते. ओंडक्याशेजारी दरडीच्या अंगाला एके ठिकाणी माती उकरून पुन्हा लोटल्यासारखी दिसत होती. मग त्या ओंडक्याने डोळा मिटला आणि उघडला.

खोटं कशाला सांगू, मी सतरंजीवर दोन वीत मागे सरकले. इतका वेळ मी तिला लाकूड समजत होते आणि ती तिथेच होती. पलीकडून दूधवाल्याची मोटारसायकल गेली, कुठे तरी कुकरची शिट्टी झाली आणि ती काठावर तशीच पडून राहिली. अशा शहरात लोक रोज उठून कामाला जातात, मुलांना शाळेत सोडतात, आणि खाली ही असते. नाशिकला गोदावरीत असं काही निघालं तर आम्ही पेपरात पत्रं लिहून लिहून सगळ्यांना हैराण करू. बडोद्याचे लोक भिंत बांधतात आणि भिंतीवर हात टेकून बघतात.

तास संपला. हंसाबेनने चहा ओतला आणि सांगणं सुरू झालं. हंसाबेन म्हणाल्या, पाणी काल करतां ओछुं छे, म्हणजे कालच्यापेक्षा कमी आहे, खालचा दगड उघडा पडलाय. केतनभाई म्हणाले, मगर आज थकलेली दिसत होती.

"थकलेली कशी दिसते?" जयवंतरावांनी विचारलं. "काय दिसलं ते सांगा."

केतनभाईंनी विचार केला. "एक आंख अडधी बंध हती."

"हं. डोळा अर्धा मिटलेला होता."

मग सुधाताई. "ती आई आहे ने, वाट बघतेय, तिला माहीत आहे की योग्य वेळ आली की..."

"सुधाबेन, हे तुम्ही घरून आणलंत," जयवंतराव म्हणाले, आणि हंसाबेन हसल्या, केतनभाई हसले, सुधाताईही हसली. ही त्यांच्यातली नेहमीची थट्टा असावी. सुधाताईने पुन्हा सांगितलं, या वेळी नीट: मगरीचं तोंड उकरलेल्या मातीकडे होतं, तासभरात तिने जागा सोडली नाही.

माझी पाळी आली. मी म्हटलं, मी काही पाहिलं नाही.

"तेही चालतं," जयवंतराव म्हणाले.

मला हा माणूस अजिबात आवडला नाही. बरोबर तेच बोलत होता जे मी नव्या मुलांना प्रयोगशाळेत सांगत आले होते. नमुन्यात दिसलं ते सांगा, दूधवाला चोर आहे की नाही ते तुम्ही सांगू नका. माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मी अधिकच सावध झाले. भोंदूही हुशार असतात.

खंडेराव मार्केट

दुसऱ्या दिवशी सुधाताईने फर्मावलं की आंबे आणायचे, आणि आंबे म्हणजे खंडेराव मार्केट. बाहेरून ती इमारत बघितली तर कुणी म्हणणार नाही की आत गवार आणि दोडके विकतात. घुमट काय, कमानी काय. संस्थानी राजांनी भाजीसाठी असली इमारत बांधावी, हे आमच्याकडे कुणाला सुचलं नसतं. आत मात्र सगळीकडची मंडई असते तशीच मंडई, ओली जमीन, पोत्यांचा वास, "लो बेन, लो बेन".

केसर आंब्यांच्या टोपल्या बघून मला राहवलं नाही. सगळे सारखे पिवळे आंबे म्हणजे औषध टाकून पिकवलेले, असा माझा ठाम समज आहे. मी एकेक उचलून देठाशी वास घेऊ लागले. विकणाऱ्या बाईने काही हरकत घेतली नाही. "सूंघो ने, बेन," म्हणाली आणि स्वतःच मला एक हिरवट, डागाळलेला निवडून दिला. तो खरा निघाला.

मी आंबे निवडत असताना गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून सुधाताईचा स्टोल खांद्यावरून घसरला. त्या बाईने सहज वर बघितलं.

"बेन, गळामां शुं थयुं?"

सुधाताईने स्टोल झटकन वर ओढला. "काही नहीं. मच्छर करड्युं छे."

डास चावला. मी तेव्हा ती गाठ पहिल्यांदा नीट पाहिली. गळ्याच्या डाव्या अंगाला, ती बोलताना आणि आवंढा गिळताना वरखाली होणारी. आणि सुधाताईला खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिच्या शाळेतल्या मुलींना तिच्यापुढे खोटं बोलायची हिंमत होत नसे. ती आंबेवालीच्या टोपलीपुढे मान खाली घालून उभी होती, आणि मला तिची फार दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

मला वाटलं, बघा, कुठवर आणून ठेवलंय त्या माणसाने तिला. दुपारी ती झोपल्यावर मी हंसाबेनकडून जयवंतरावांचा पत्ता घेतला.

बाजवा

बाजव्याला रिफायनरीची उंच चिमणी दुरूनच दिसते, टोकाला जाळ घेऊन. हवेला एक वास आहे, तो तिथल्या लोकांना येत नाही आणि आपल्याला दुसरं काही येत नाही. जयवंतरावांचं घर एका कॉलनीच्या कडेला होतं. दारात तुळस, खिडकीला कूलर. त्यांच्या पत्नी शैलावहिनी, अस्सल खानदेशी, मी मराठी बोलतेय म्हटल्यावर माझ्या हातात थेट शेवभाजीची ताटली आली. मी भांडायला आले होते आणि तोंडात घास होता.

तो गिळून मी सरळ विचारलं, "माझ्या बहिणीला ऑपरेशन करू नको असं तुम्ही सांगितलंत का?"

जयवंतराव बघतच राहिले. "कोणतं ऑपरेशन?"

"मगर घाई करत नाही, निसर्गात सगळं आपल्या वेळेला होतं, हे तुमचं शिक्षण ना?"

"माझं?" ते खुर्चीत पुढे सरकले. "बाई, आमच्याकडे अर्थ सांगायलाच बंदी आहे. तुम्ही पाहिलंत काल. कंट्रोल रूममध्ये शिफ्ट बदलताना आम्ही असंच करायचो. जाणारा माणूस येणाऱ्याला फक्त काटा कुठे आहे ते सांगतो. प्रेशर इतकं, तापमान इतकं. 'काही विशेष नाही, सगळं ठीक चाललंय' असं म्हणायचं नाही. ठीक आहे असं एकाने म्हटलं की दुसरा काटा बघत नाही. मग कधीतरी घात होतो."

"मग नदीवर कशाला जाता? शहाणपण मिळायला?"

"निवृत्त झालो आणि रिकामा वेळ खायला उठला. डोळ्यांना काटा बघायची सवय, आता बघायचं काय? एक दिवस नदीवर गेलो आणि ती दिसली. ती काही शिकवत नाही हो. ती मगर आहे. पण बघत बसलं की आपण आपल्याला काय काय सांगत असतो ते कळतं. मला तेवढं पुरतं."

"सुधाताईने गाठीबद्दल तुम्हाला काही सांगितलंच नाही?"

"घरच्या गोष्टी आम्ही काढत नाही. तोही नियमच. त्या निघाल्या की नदी बघायची राहून जाते."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं, आणि कूलरचं बटण उगाच कमी-जास्त केलं. हा माणूस काहीतरी लपवतोय, याबद्दल माझी खात्री झाली. काय ते मात्र कळेना.

परत येताना रिक्षात मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. मग मगर घाई करत नाही, हे सुधाताईला सांगितलं कुणी? जो माणूस शोधायला मी नाशिकहून आले होते तो कुठे नव्हताच. हे सगळं तिने स्वतःच, घरात एकटं बसून, स्वतःसाठी तयार केलं होतं. दूध घरचं होतं आणि पाणीही घरचंच.

घरी आले तर ती दारात.

"बाजव्याला गेली होतीस? हंसाबेन बोलली मला. माझी चौकशी करायला आलीस तू?"

"हो."

"तुला ने, सगळ्यात भेसळच दिसते. चांगलं काही असू शकतं यावर तुझा विश्वासच नाही. म्हणून तुला कोणी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मी एकटी राहते, हे ती म्हणणार होती. मला ते लागलं.

म्हणून मीही बोलले. "ताई, ती मगर अंडी राखत बसलीय. तू काय राखत बसलीयस?"

ती आत गेली. थोड्या वेळाने ताटं वाढली, आमरस आणि पुऱ्या. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. रस सुरेख होता, आणि दोघींपैकी कुणीही तसं म्हटलं नाही.

पुन्हा नदीकाठ

सकाळी मला वाटलं ती मला न घेताच जाईल. पण ती फाटकापाशी थांबली होती. वाटेत बोलली नाही. रिक्षावाल्याशी बोलली, रिक्षा थांबवून देवळापुढच्या म्हातारीशी बोलली, माझ्याशी नाही.

त्या दिवशी मी खरोखर बघितलं. काय करणार, बोलायला कुणी नव्हतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं, पाण्यावर अजून उतरलं नव्हतं. टिटवी ओरडत दोनदा गेली. मगर त्याच जागी होती. एक कुत्रं दरडीवरून खाली उतरू लागलं तशी ती एकदम उभी राहिली. चारही पायांवर, पोट जमिनीपासून वर. इतकं अवजड जनावर इतक्या चटकन उठेल असं मला वाटलं नव्हतं. कुत्रं पळालं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि पुन्हा पडली, तोंड उकरलेल्या मातीकडे. बाकी काही झालं नाही. पिल्लं बाहेर आली नाहीत, चमत्कार झाला नाही. मी शेजारी सुधाताईकडेही बघितलं. ती मगरीकडे बघत होती आणि तिचा हात स्टोलच्या आत, गळ्यावर होता.

तास संपला. चहा आला. हंसाबेन बोलल्या, केतनभाई बोलले, कुत्र्याचं सगळ्यांनी सांगितलं. सुधाताई म्हणाली, मी आज काही पाहिलं नाही. जयवंतराव म्हणाले, चालतं. मग माझी पाळी आली.

मी काय बोलणार हे मी ठरवून आले नव्हते. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा माझ्याजवळ खरं सांगण्यासारखं एकच होतं.

"माझ्या बहिणीच्या गळ्याला डाव्या बाजूला गाठ आहे," मी म्हटलं. "आवंढा गिळला की वरखाली होते. चालताना, बसताना ती हात लावून बघते. काल मार्केटमध्ये तिने ती डास चावल्याची सूज आहे असं सांगितलं. तेवढंच पाहिलं."

सुधाताईने माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणी शाळेत बाईंनी वर्गाबाहेर उभं केल्यावर वाटायचं तसं वाटलं. मला वाटलं, झालं, संपलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

मग हंसाबेनने कप खाली ठेवला. "में होळी पछी जोयेली," त्या हळू म्हणाल्या. "त्यारे बोर जेवडी हती. हवे लींबु जेवडी छे."

होळीनंतर पाहिली तेव्हा बोराएवढी होती, आता लिंबाएवढी आहे. सुधाताईने त्यांच्याकडे मान वळवली.

केतनभाई खाली बघत म्हणाले, "पहेलां बेन सीधी गर्दने चा पीतां. हवे नीचे जोईने पीए छे. धीमे धीमे." पूर्वी ताठ मानेने चहा प्यायच्या, आता खाली बघून, हळूहळू.

शेवटी जयवंतराव. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आवाज," ते म्हणाले. "हिवाळ्यात मोकळा होता. आता वाक्य संपता संपता बसतो. मला कळत होतं. काल तुमच्या बहिणीने मला ऑपरेशनचं विचारलं तेव्हा तर..." ते थांबले. "मी बोललो नाही. नदीचं नव्हतं म्हणून बोललो नाही."

तर हे ते खिडकीकडे बघणं होतं. रोज सकाळी एक तास डोळे लावून बघायला शिकलेली ही माणसं. पाणी बोटभर उतरलं तरी त्यांना कळायचं. आणि सतरंजीवर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईच्या गळ्यावरची गाठ महिनोन्‌महिने मोठी होताना त्यांनी पाहिली होती, एकेकट्याने, प्रत्येकाने. घरचं काढायचं नाही म्हणून कुणीच काढली नव्हती. आणि तिला वाटत होतं, स्टोलखाली ती कुणालाच दिसत नाही. मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि त्यांचे उपकारही वाटले. दोन्ही एकदम वाटलं.

सुधाताईने स्टोल सोडला नाही. तिने फक्त हंसाबेनला विचारलं, "खरंच मोटी थई छे?"

"हा, सुधाबेन. मोटी थई छे."

काळजी करू नका, असं कुणी म्हटलं नाही. देव बघतो असंही नाही. हंसाबेनने तिच्या कपात उरलेला चहा ओतला आणि आम्ही तो संपेपर्यंत बसलो.

परतीच्या रिक्षात सुधाताई माझ्यावर बरसली. मला अक्कल नाही, चारचौघांत काय बोलावं ते मला लहानपणापासून कळलं नाही, परक्यांपुढे तिची अब्रू घालवली, नाशिकच्या लोकांच्या जिभेला हाडच नसतं. मी ऐकून घेत होते. आवाज खरंच वाक्याच्या शेवटी बसत होता. जयवंतरावांनी सांगेपर्यंत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. वासण्याचं वळण आलं तशी तिने तोंड फिरवलं. बाहेर बघत राहिली.

"नमे," ती म्हणाली, "दुखेल का गं?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. "दुखेल," मी म्हटलं. "काही दिवस दुखेल."

"आणि आत काही वाईट निघालं तर?"

"मला माहीत नाही, ताई."

तिने मान हलवली. मग रिक्षाच्या दांड्यावरचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. हात घामाने ओला होता. "थांबशील ने तू?"

मी थांबले. ऑपरेशन झालं. गाठीत जे निघालं ते चांगलं नव्हतं, पण वेळेत निघालं होतं, आणि पुढचे उपचार पावसाळाभर चालले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य तिने घोगऱ्या आवाजात उच्चारलं ते असं, की नमे, त्या खुर्चीत वाकडी बसू नकोस, पाठ धरेल. तेव्हापासून ती मला पुन्हा सांगतेच आहे. रोज फोनवर सांगते, काय खाऊ, काय घालू, कुणाशी काय बोलू नको. विचारलं असं तिने मला आयुष्यात फक्त त्या सकाळी, त्या रिक्षात.